कारखान्याचे अंतर आणि नदीचे खोरे : निलंगा परिसराच्या नियोजनाची एक चिकित्सा

अवजड उद्योगांनी घडविलेल्या प्रदेशांची नगररचना हा विषय निघाला, की अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे जमशेदपूर किंवा भिलाईच्या भट्ट्या उभ्या राहतात. निलंग्याचे नाव कोणाच्या मनात येत नाही. येथे कोळसा नाही, लोखंड नाही. तालुक्यात अंबुलगा येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात तशीच धुराडी ठिकठिकाणी दिसतात, एवढेच. परंतु उद्योगाचे अवजडपण यंत्रांच्या वजनावर मोजावयाचे, की त्याचा भार भूमी व जल यांवर किती पडतो यावर, हा प्रश्न अद्याप नीट विचारलाच गेलेला नाही. दुसरी कसोटी मान्य केल्यास मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातील साखरधंदा हा पूर्णार्थाने अवजड उद्योग ठरतो, आणि त्या खोऱ्यातील नगरांचे नियोजन कोणत्या तत्त्वावर झाले हे तपासून पाहणे अगत्याचे होते.

ह्या धंद्याचा एक विशेष प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. त्यामुळे गाळपासाठी बाहेरील पाणी फारसे लागत नाही, आणि नीट चालविलेला कारखाना आपल्याच बाष्पाच्या पाण्यावर बरेचसे काम भागवू शकतो. कारखान्याच्या आवारापुरता जलहिशेब मांडला, तर कारखाना निर्दोष ठरतो. भार पडतो तो आवाराबाहेर, शेतात. तोडलेल्या उसातील साखर दिवसागणिक उतरते, म्हणून ऊस जवळच पिकला पाहिजे. म्हणजे कारखाना जेथे उभा राहतो, तेथे तो सभोवतालच्या वर्तुळातील पीकच ठरवितो. वर्षाकाठी सातआठशे मिलिमीटर पावसाच्या ह्या प्रदेशात, त्या पावसाच्या दुपटी-तिपटीने पाणी मागणारे आणि बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक त्या वर्तुळात येते. कारखान्याची जागा निवडणे म्हणजे नदीच्या पाण्याची वाटणी करणेच होय. तो निर्णय नगररचनेचा असूनही नगररचनाकाराच्या पुढे तो कधीच येत नाही.

तो येतो साखर विभागापुढे. आणि तेथे लावली जाणारी कसोटी मोठी उद्‌बोधक आहे. महाराष्ट्रात नव्या कारखान्यास परवानगी देताना जवळच्या कारखान्यापासून त्याचे हवाई अंतर 25 किलोमीटर आहे की नाही हे पाहिले जाते. नियमाचा हेतू रास्त आहे : दोन कारखान्यांनी एकाच उसासाठी झगडू नये. पण हे अंतर कारखान्यापासून कारखान्यापर्यंतचे आहे. कारखान्यापासून धरणापर्यंत किती, त्या धरणावर तहान भागविणारी नगरे किती, हे मोजावयाची फूटपट्टी नियमकर्त्यांनी हाती घेतलेली नाही. दुसऱ्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली, 1999 मधील अहवालात तुटीच्या खोऱ्यांतील उसाला आवर घालण्याची दिशा दाखविली होती. 2003 च्या राज्य जलनीतीत घरगुती वापरानंतर उद्योगाला आणि मग शेतीला स्थान होते. 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. ह्या क्रमबदलाने निलंग्यासारख्या ठिकाणी काय साधले, हे सांगणे कठीण आहे. ऊस हे शेतीचे पीक म्हणावे की उद्योगाचा कच्चा माल, ह्याचा निवाडा क्रमांक बदलून होत नाही.

परिणाम 2016 साली सर्वांनी पाहिला. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये लातूर नगरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लागू झाला. आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे 340 किलोमीटरवरून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लक्ष लिटर. त्याच नगराजवळ दोन वर्षांनी, 2018 मध्ये, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. अवजड उद्योग रूढ अर्थानेही आता येथे येऊन पोहोचला आहे.

ह्या घटनेचा दोष अवर्षणाला देणे सोपे आहे, आणि तो अगदीच खोटाही नाही. परंतु नियोजनाच्या दृष्टीने पाहता दोष चौकटीचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, 1966 यात दोन प्रकारच्या योजना सांगितल्या आहेत : प्रदेशाची आणि नगराची. नगराचा विकास आराखडा रस्ते, आरक्षणे, निवासी व औद्योगिक भाग यांचा रंगीत नकाशा काढतो. त्याची रेषा नगरपालिकेच्या हद्दीवर संपते. निलंगा नगराचे पाणी मात्र माकणीच्या निम्न तेरणा धरणावर, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, अवलंबून आहे. प्रादेशिक योजनेची तरतूद अधिनियमात प्रारंभापासून असूनही, नदीचे खोरे हाच प्रदेश मानून तिचा उपयोग करण्याची कल्पना येथे रुजली नाही. जिल्ह्याच्या रेषा तर ह्या भागात वारंवार बदलल्या : निलंगा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबादेत, आणि 1982 पासून लातुरात. नदी मात्र आपल्या जागी आहे.

शासनाला विस्तीर्ण प्रदेश हाताळता येत नाही, असेही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. एवढी संधी नियोजनकाराला क्वचित मिळते. तिचा उपयोग कसा झाला? जमीनधारणेनुसार 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरे आणि सरळ, रुंद, काटकोनी रस्ते. घर मोजले गेले, पण गाव ज्या विहिरी, ओढे व शिवार यांवर जगत होते त्यांचा आराखड्याशी संबंध जुळविला गेला नाही.

येथे पॅट्रिक गेडिस यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राच्या विभागाची धुरा घेणाऱ्या ह्या पंडिताने नगराचा अभ्यास डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या खोऱ्याच्या छेदातून करावा असा आग्रह धरला होता. त्याचे नाव आजही प्रश्नपत्रिकेत येते. छेद मात्र नकाशावर येत नाही.

जर्मनीतील रूर प्रदेशाने ही चूक वेगळ्या मार्गाने हेरली. खाणींमुळे भूमी खचून एम्शर नदीचे सांडपाणी वाहीनासे झाले आणि रोगराई पसरली, तेव्हा 1899 मध्ये तेथील नगरे, खाणी व कारखाने यांनी एक संघ स्थापन केला. 1904 च्या खास कायद्याने त्याचे सभासदत्व बंधनकारक झाले. जो नदीवर भार टाकील, त्याने त्या प्रमाणात वर्गणी द्यावी, असे तत्त्व ठरले. ह्या संघाला आदर्श मानण्याचे कारण नाही. त्याने एम्शरला दीर्घकाळ काँक्रीटचे उघडे गटार करून ठेवले, आणि ती नदी सांडपाण्यापासून मुक्त होण्यास 2021 साल उजाडले. पण नदी बिघडली तेव्हा जाब कोणाला विचारावयाचा, हे तेथे ठाऊक होते.

त्या संघाच्या नावातील जर्मन शब्दाचा अर्थ ‘सहकारी संस्था’ असाच आहे. महाराष्ट्राला ह्या शब्दाची नवलाई नाही. 1950-51 च्या हंगामात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ऊस आणि गाळप यांची सांगड सहकाराने घातली आहे. शेतकऱ्याला ह्यात दोष देणे अन्यायाचे होईल. तूर-सोयाबीनच्या भावाचा भरवसा नसताना किमान दराची कायदेशीर हमी आणि ठरलेला गिऱ्हाईक असलेले पीक त्याने निवडले, तर ते त्याचे शहाणपणच आहे. उणीव आहे ती सभासदांच्या यादीत. ऊस देणारा त्यात आहे. त्याच धरणातून आठवड्यातून एकदा नळाला पाणी यावे म्हणून वाट पाहणारे नगर त्यात नाही. खोऱ्याचा संघ करावयाचा तर कारखाना, कालव्यावरचा शेतकरी आणि नगरपालिका यांना एकाच सभेत बसावे लागेल, आणि गाळपाच्या टनामागे नदीची वर्गणी किती, हा विषय त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला असेल. बीदरच्या लोकांसाठीही काही खुर्च्या राखून ठेवाव्या लागतील. कारण तेरणेचे पाणी घेऊन मांजरा निलंगा तालुक्याच्या सीमेवरून कर्नाटकात उतरते, आणि पुढे सिंगूर व निजामसागर तिची वाट पाहत असतात.