रात्रभराचा खेळ

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन सुरतेला गेले, त्या वेळचा एक किस्सा चित्रपटाच्या इतिहासात हमखास सांगितला जातो. पहिल्या दिवशी गल्ल्यात जेमतेम तीन रुपये पडले. थिएटरवाला म्हणाला, इथला माणूस दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघतो. तुम्ही तीन आणे घेता आणि दीड तासात त्याला घरी पाठवता. फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचा खेळ, दर फक्त तीन आणे! गल्ला वाढला. किस्सा फाळक्यांच्या चतुराईचा म्हणून सांगतात, पण त्यातला जाणता माणूस मला तो थिएटरवाला वाटतो. खेळ चांगला की वाईट हे त्याने विचारलंच नाही. त्याने फक्त रात्र किती भरते ते विचारलं.

धाराशिव जिल्ह्यातल्या करमणुकीचा विचार करायचा तर याच मापाने करावा लागतो. मुंबईचं माप इथे चालत नाही. तिथे 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं रुपयाच्या तिकिटात दाखवली गेली. पुढे आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात आले आणि काही दिवसांनी चार आण्यांचं तिकीटही निघालं. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. बंदराच्या शहरात ट्राम होती, रस्त्यावर दिवे होते, गिरणीची पाळी होती. तास-दीड तास विकत घेऊन पुन्हा कामाला जाणारा प्रेक्षक तिथे तयारच होता. ग्रँट रोडच्या नाटकघरात 1853 साली विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन उतरले, तेव्हापासून त्या वस्तीला तिकीट काढून बसायची सवय लागत गेली होती.

योगायोग असा की त्याच 1853 साली निजामाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. 1860 मध्ये तो परत मिळाला. मधली काही वर्षं मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला होता. पुढे 1863 मध्ये त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची, देवीला वाहिलेली मुरळी. म्हणजे या भागातली देवीपुढे नाचणारी-गाणारी बाई इंग्रजी वाचकाला मराठी रंगभूमी नीट उभी राहण्याआधीच भेटली होती. पण कादंबरीचा जीव तिच्या सुटकेत आहे, तिच्या गाण्यात नाही. ही खोड पुढे आपल्या सिनेमालाही लागली.

नंतर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी अंमल होता. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी तडवळ्याहून 1911 साली लातूरला पोचली, पण धाराशिव शहर बाजूलाच राहिलं. नाटक कंपनीचे पडदे आणि ट्रंका रेल्वेने फिरायच्या. तमाशाच्या फडाची कनात बैलगाडीत मावायची. त्यामुळे गिरण्यांचं सोलापूर नाटक-सिनेमाचं गाव झालं आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरचं तुळजापूर गोंधळ्यांचं राहिलं. त्यातून सरकार संशयी. गश्ती क्रमांक 53 या सरकारी परिपत्रकाने जाहीर सभांना परवान्याची अट घातली. खुद्द हैदराबादेत चित्रपटकार धीरेन गांगुलींनी लोटस फिल्म कंपनी काढली होती. 1924 मध्ये ‘रझिया बेगम’ दाखवल्यावर त्यांना संस्थान सोडावं लागलं. अशा राज्यात देवाच्या नावाने जमणं हीच जमण्याची सोपी वाट.

आणि देवाची रात्र लांब असते. येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रानात लोक चुनखडीचे खडे वेचतात. पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबा. हा खंडोबा तर स्वतःच फिरता: मूर्ती एक, देवळं दोन, वर्षातले बहुतेक महिने मुक्काम अणदूरला आणि दोनेक महिने नळदुर्गला, तेही दोन्ही गावांच्या लेखी कराराने. तुळजापूरची देवी वर्षात तीनदा मिळून एकवीस दिवस मंचकी निद्रा घेते आणि तिचे भक्त मात्र रात्र-रात्र जागतात. बारा-पंधरा कोस तुडवत आलेल्या माणसाला परतायला गाडी नव्हती आणि झोपायला जागा नव्हती. रात्र काढायला त्याला काहीतरी हवं होतं. गोंधळ, वाघ्या-मुरळी, तमाशा आणि पुढे टूरिंग टॉकीज, ही सगळी त्या गरजेची उत्तरं.

टूरिंग टॉकीजने तमाशा मारला, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. तंबूतला सिनेमा ही मुळात शहरी थिएटराच्या आधीची चीज. फिरत्या सिनेमाचे व्यावसायिक अब्दुलअली युसुफअली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शंभर बाय पन्नास फुटांचा तंबू घेऊन आग्नेय आशिया पालथा घातला, मग मुंबईत येऊन मॅजेस्टिकसारखी थिएटरं चालवली. जत्रेत तमाशाच्या राहुटीशेजारी सिनेमाचा तंबू पडला तो भागीदारासारखा. एकाचा खेळ सुटला की प्रेक्षक दुसऱ्याच्या कनातीत. उलट सिनेमाच तमाशावर पोसला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. 1972 चा ‘पिंजरा’ पुढची पायरी. या चित्रपटांनी लावणी घराघरांत नेली हे खरं. पण त्यांनी लावणीला वगापासून, म्हणजे तमाशातल्या नाट्यापासून तोडलं. पडद्यावर लावणी हे गाणं झालं, आणि गाणं तेवढं वेगळं काढता येतं हे पुढच्या सगळ्या धंद्याला कळलं.

तंबू उठले ते वेगळ्या कारणांनी. आधी दूरदर्शन, मग व्हिडिओ, मग रिळांचे डबेच यायचे थांबले. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या 2016 च्या माहितीपटात महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजची ही अखेर दिसते: गंजलेला प्रोजेक्टर, ट्रक आणि डिजिटल यंत्राची उसनवारी. माहितीपट सुंदर आहे. थोडा जास्तच हळवा आहे. यंत्र गेल्याचं दुःख त्यात पुरेपूर आहे. यंत्राभोवतीची रात्र गेली, तिकडे त्याचं लक्ष कमी.

त्या रात्रीचं काय झालं, हा माझा मुद्दा. ढोलकी फडाच्या तमाशाची बांधणी बघा. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. वगाला तोंड फुटायचं मध्यरात्रीकडे आणि तो पहाटेपर्यंत चालायचा. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद केला. वर्षातले पंधरा दिवस तेवढी बारापर्यंत सूट. नियम चुकीचा आहे असं कोण म्हणेल? डीजेच्या भिंतीशेजारी ज्याचं घर आहे, त्याला विचारा. पण नियमाचा कलेवर परिणाम झाला तो असा की दहाच्या आत जे बसतं तेवढंच उरलं. गवळण धावती, बतावणी अर्धी, मग सिनेमातल्या गाण्यांवर नाच, आणि वग गायब. जो वग सादर होत नाही, तो लिहिला जात नाही. आज जत्रेतला तमाशा सुमार झाला अशी तक्रार करणारे नर्तकींना बोल लावतात. बोल लावायचा तर वेळापत्रकाला लावावा. सोंगाड्याला हशा पिकवायला उसंतच मिळत नाही.

संगीतबारीचं, म्हणजे बैठकीच्या लावणीचं, दुखणं निराळं. येरमाळा-चोराखळी भागातल्या महामार्गावरच्या कलाकेंद्रांना जत्रेची गरज नाही, गिऱ्हाईक गाडीने येतं. इथे रात्र आहे, पण बैठक नाही. ढोलकी-पेटीच्या साथीने बसून गायची, अदा करायची लावणी जाणणारी बाई आणि मोबाईलवरच्या गाण्याची फर्माईश करणारा तरुण, यांच्यात व्यवहार होतो, मैफल होत नाही. या केंद्रांची चर्चा परवाने आणि गुन्हे यांपलीकडे जात नाही. तिथल्या गाण्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं आठवत नाही.

गोंधळ टिकलाय, कारण लग्न आणि कुळाचार टिकलेत. घट मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळावर टिपरू पडायचं, हे चुकत नाही. पण पूर्वरंग संपून आख्यान सुरू व्हायच्या वेळी यजमान घड्याळ बघतो. कदमराई गोंधळ्यांच्या घरांत पाठ असलेली आख्यानं अशी घराबाहेर पडेनाशी झाली. आख्यानात दम नाही असं मात्र नाही. शाहीर विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ नाटकघरात उभं केलं आणि शहरी प्रेक्षक शेवटपर्यंत जागचा हलला नाही. शहराने तिकीट काढून आख्यान ऐकलं आणि गावाने ते फुकट मिळत असताना आटोपतं घेतलं.

सगळ्यांत जिवंत गाणं मला देवीच्या आराध्यांच्या मेळ्यात ऐकू येतं. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि बायका पुढे. चाली सिनेमातून बिनदिक्कत उचललेल्या. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी जुन्या मेळ्यांच्या चाली तपासाव्यात, तिथे नाटकांच्या चाली सापडतील. आधी कॅसेट, मग सीडी, आता यूट्यूब, प्रत्येक यंत्र या बायकांनी वापरून घेतलं. इतकं करून समीक्षेच्या नकाशावर त्या नाहीतच. नकाशावर येतात ती संमेलनं. धाराशिवला 2017 मध्ये अभिनेते जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावं नाट्यसंमेलन झालं, 2020 मध्ये साहित्य संमेलन झालं. मांडव मोठे होते, गर्दीही होती. पण मांडव उतरला की जिल्ह्यात नाटक बघायचं ते दौऱ्यावरची कंपनी येईल तेव्हा.

तमाशा फडांचे मालक वेळेची सवलत मागत आलेत. बारापर्यंत सूट असलेल्या त्या पंधरा रात्रींची यादी जिल्हाधिकारी ठरवतात; त्यात गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि एकतीस डिसेंबर आधी बसतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री कुठला वग होतो, हे एकदा कुणीतरी सांगावं.