उपशीर्षकांतील ‘मी’

जपानी ॲनिमेपट जपानबाहेरच्या प्रेक्षकाला आता घरबसल्या उपलब्ध झाले आहेत, असे म्हटले जाते. यातील ‘उपलब्ध’ हा शब्द तपासून घ्यावयास हवा. क्रंचीरोल ही सेवा २००६ मध्ये निघाली, तेव्हा तेथील पुष्कळ साहित्य प्रेक्षकांनी परवानगीवाचून चढविलेले होते. २००९ पासून तिने निर्मात्यांशी रीतसर करार करून, जपानमधील प्रक्षेपणानंतर अल्पावधीतच, मालिकांचे भाग इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविण्यास आरंभ केला. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा हक्क, वेग व किंमत यांच्या अनुषंगाने होते. भाषेचे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते.

मकोतो शिनकाई यांच्या ‘किमि नो ना वा’ (२०१६) या चित्रपटातील एक प्रसंग घेऊ. खेड्यातील मित्सुहा ही मुलगी तोक्योतील ताकी या मुलाच्या देहात जागी होते. त्याच्या मित्रांशी बोलताना ती स्वतःला प्रथम ‘वाताशी’ म्हणते. मित्र चमकतात. ती ‘वाताकुशी’ म्हणून पाहते, मग ‘बोकु’. अखेर ‘ओरे’ म्हटल्यावर त्यांचे समाधान होते. चारही शब्दांचा अर्थ ‘मी’ एवढाच. ‘वाताशी’ पुरुषाला वर्ज्य नाही. परंतु शाळकरी मुलाने दोस्तांत वापरले की ते खटकते. इंग्रजीपाशी या जागी सर्वनाम एकच असल्यामुळे उपशीर्षककाराला एक तर विनोद सोडावा लागतो, नाही तर जपानी शब्द तसेच ठेवावे लागतात. त्याला दोष देता येत नाही.

प्रश्न आहे तो मराठी प्रेक्षकाचा. तो हा प्रसंग सहसा इंग्रजीतून वाचतो, आणि जे इंग्रजीत उतरले नाही ते भाषांतरातीतच असावे, अशी स्वतःची समजूत करून घेतो. वस्तुतः ताकीच्या तोंडून ‘मी वाट चुकले’ असे येताच मराठी मित्रही चमकले असते, आणि ‘चुकलो’ म्हणताच सावरले असते. आपले सर्वनाम एकच असले तरी क्रियापद लिंग सांगते. (कोल्हापूरकडील स्त्रिया ‘मी आलो’ म्हणतात, तिकडे हा विनोद फसेल, हे मान्य.) मात्र सौम्य ‘बोकु’ आणि रांगडा ‘ओरे’ यांतील अंतर मराठी क्रियापदालाही दाखविता येत नाही.

२०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ नव्या इंग्रजी भाषांतरासह जगभर प्रसृत केली, तेव्हा चोविसाव्या भागातील ‘सुकी’ या शब्दावरून वाद माजला. काओरू हा मुलगा शिंजीविषयी तो शब्द उच्चारतो. पूर्वीच्या इंग्रजी आवृत्तीत तेथे ‘लव्ह’ होते, नव्या आवृत्तीत ‘लाइक’ आले. मूळ शब्दात दोन्ही सामावतात; इंग्रजीला निवड करणे भाग पडले. मराठीत ‘तू मला आवडतोस’ एवढे म्हटले की काम भागते. जे आवडते ते दोन्ही भाषांत कर्तृपदाच्याच रूपात येते, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.