देणारा, घेणारा आणि मधला : धनसत्ता-राजसत्ता व्यवहाराची भारतीय कथनरूपे

मराठी अमदानीतील महसुली व्यवहारात ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ असे दोन शब्द आढळतात. मामलेदाराने हुजुरातील कारभाऱ्यांना व हिशेब तपासणाऱ्यांना गुप्तपणे द्यावयाच्या रकमेचे हे नाव. आरंभी ही रक्कम खरोखरच गुप्त असे. पुढे तिचा दर ठरला, ती नियमित झाली, आणि एकदा नियमित झाल्यावर तिच्याखेरीज आणखी काही गुप्तपणे द्यावे लागू लागले. इंग्रजी अंमलाच्या आरंभी पेशव्यांच्या मुलखाचा अहवाल लिहिणाऱ्या एल्फिन्स्टनच्याही नजरेतून ही प्रथा सुटली नाही. ‘अंतस्थ’ म्हणजे आतले. आतले देणेच जमाखर्चात बसवले गेल्यावर या शब्दाची जी अवस्था होते, तीत या सबंध विषयाचे बीज आहे.

भारतीय भाषांमधील अशा शब्दांकडे तुलनेच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ‘लाच’ हा शब्द कायद्याचा व वर्तमानपत्राचा. व्यवहारात तो क्वचितच उच्चारला जातो. व्यवहाराचे शब्द वेगळे आहेत. ‘नजराणा’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दात नवसाचा अर्थ आहे. ‘वशिला’ हाही मूळ अरबीच, आणि धार्मिक परिभाषेत तो ईश्वराजवळ पोहोचण्याचे साधन सांगतो. ‘दस्तुरी’त दस्तूर, म्हणजे रीतच, दलाली होऊन बसली आहे. ‘चिरीमिरी’ आणि ‘चहापाणी’ हे शब्द रकमेला क्षुल्लक करून टाकतात, तर हिंदीतील ‘ऊपरी आमदनी’ तिला थेट वरच्या मजल्यावर नेऊन ठेवते. या सर्व शब्दांत देणारा आणि घेणारा यांचे नाते सांगितले जाते, पण देण्याचा हेतू कोणताच शब्द सांगत नाही. अनुवादकाची खरी अडचण येथे होते. ‘वशिला’ला इंग्रजीत प्रभाव म्हटले की मधला माणूस नाहीसा होतो, आणि या व्यवहारात मधला माणूस नाहीसा झाला तर उरते ते केवळ नीतिकथेपुरते.

सत्तेशी असणारे धनिकांचे, ठेकेदारांचे व कंपन्यांचे व्यवहार साहित्यात येतात तेव्हा ते कोणाच्या डोळ्यांनी पाहिले जातात, हा प्रश्न म्हणूनच विषयवस्तूपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रभाव-अभ्यासाची चौकट येथे फारशी उपयोगी पडत नाही. पुढे ज्या कृतींचा विचार केला आहे त्यांनी एकमेकींकडून काही घेतले असल्याचे दाखविता येणार नाही. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एवढीच, की प्रत्येकीत व्यवहाराच्या त्रिकोणातील निराळा कोन निवेदनाला आधार देतो.

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (1873) या ग्रंथास जोडलेला इंजिनियर खात्याविषयीचा पवाडा या संदर्भात सहसा वाचला जात नाही. ब्राह्मणी वर्चस्वाच्या टीकेचा एक भाग म्हणून त्याकडे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु फुले स्वतः सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते आणि खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा त्या नात्याने संबंध होता, ही वस्तुस्थिती पवाड्याच्या वाचनात आणली की त्याचे स्वरूप पालटते. हे बाहेरून केलेले दोषदर्शन उरत नाही. खात्यातील हाताखालची मंडळी कशी चालतात, त्यांच्यावर विसंबणारा गोरा अधिकारी किती परावलंबी आहे, हे ज्याला कामाच्या जागी उभे राहून पाहता आले त्याची ही साक्ष आहे. आणि रूप आहे पवाड्याचे! वीराच्या पराक्रमासाठी घडलेला हा रचनाप्रकार खात्यातील शिताफीच्या वर्णनाला लावण्यात जो उपरोध आहे, तो मराठी उपहासपरंपरेच्या चर्चेत अजूनही पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील प्रेमचंदांची ‘नमक का दारोगा’ ही कथा देणाऱ्याला जितक्या जवळून पाहते तितके क्वचितच कोणी पाहिले असेल. मिठाच्या खात्याचा तरुण दरोगा वंशीधर यमुनेच्या पुलाजवळ रात्री गाड्या अडवतो. गाड्या पंडित अलोपीदीनांच्या, माल चोरीच्या मिठाचा. वंशीधर काही केल्या बधत नाही, तसा पंडितजींचा आकडा हजारापासून चढत चाळीस हजारांपर्यंत जातो. अटक होते. पण न्यायालयात सारी यंत्रणा अलोपीदीनांच्या बाजूने उभी राहते, ते सुटतात आणि दरोग्याचीच नोकरी जाते. एवढ्यावर कथा थांबली असती तर ती व्यवस्थेची निर्भेळ टीका झाली असती. परंतु अलोपीदीन स्वतः वंशीधरच्या दारी येतात, स्टांपाचा कागद पुढे करतात आणि आपल्या सर्व मालमत्तेचा कायमचा व्यवस्थापक म्हणून त्याला नेमतात. वार्षिक सहा हजार वेतन, शिवाय रोजचा खर्च, घोडा, बंगला, नोकरचाकर. भारावलेला वंशीधर सही करतो.

शालेय पाठ्यपुस्तकांतून ही कथा प्रामाणिकपणाच्या विजयाची म्हणून शिकविली जाते. तिचे हे वाचन संहितेला धरून असले, तरी पुरेसे नाही. अलोपीदीनांच्या बाजूने पाहिले तर पुलावरील बोली आणि दारातील कागद या एकाच वाटाघाटीच्या दोन पायऱ्या आहेत. रोख चाळीस हजार देऊन जे साधले नाही, ते वेतन, प्रतिष्ठा व कृतज्ञता यांच्या रूपाने साधते. दुसऱ्या खेपेला मागायचे असे काहीच नसते. खटला संपलेला आहे, माल सुटलेला आहे. अलोपीदीनांना हवा आहे तो असा माणूस, जो कोणाच्याही पैशाने विकला जाणार नाही, कारण राखायचा पैसा आता त्यांचा स्वतःचा आहे. सरकारी खात्याला जो गुण पेलला नाही तो खासगी मालमत्तेच्या पहाऱ्याला बसतो. प्रेमचंदांच्या निवेदकाचा उपरोध आरंभापासून धारदार आहे. वडिलांचा व्यवहारी उपदेश आणि न्यायालयातील धावपळ या प्रसंगी तर तो सर्वांत तीव्र होतो. नेमक्या शेवटच्या प्रसंगात मात्र निवेदक उपरोध खाली ठेवतो. हे लेखकाच्या आदर्शवादाचे लक्षण मानावे, की देणाऱ्याच्या कौशल्यापुढे निवेदकही नमला असे समजावे, याचा निर्णय कथा करू देत नाही. तिचे सामर्थ्य येथेच आहे. निवृत्त अधिकाऱ्यांना ठरावीक काळात खासगी नोकरी पत्करण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. असा नियम करणाऱ्या पुढील काळातील शासनाला ज्या व्यवहाराची धास्ती वाटली, त्याची रेखाकृती या कथेत आधीच तयार आहे.

देवघेवीचे चलन दरवेळी पैसाच असते असे नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (1972) कोतवालीच्या मोबदल्यात नाना फडणविसांपुढे ठेवली जाते ती घाशीरामची मुलगी गौरी. शंकर यांच्या बंगाली कादंबरीवरून सत्यजित राय यांनी केलेल्या ‘जन अरण्य’ (1976) या चित्रपटात नोकरी न मिळालेला सोमनाथ ‘ऑर्डर सप्लाय’च्या धंद्यात शिरतो, आणि गिरणीचे काम मिळविण्यासाठी गोएंका नामक गृहस्थाकडे एक मुलगी पोहोचविण्याची वेळ त्याच्यावर येते. ती निघते मित्राचीच बहीण. येथे घेणारा सरकारी नाही, हे खरे. पण संपर्कतज्ज्ञ म्हणून वावरणाऱ्या नटवर मित्तिरची सारी विद्या सरकारी कचेरीत आणि खासगी गिरणीत सारखीच लागू पडावी अशी आहे. दोन कृतींत भेद आहे तो या मुलींच्या वाणीचा. गौरीच्या सौद्यात तिला शब्द नाहीत; तिच्याभोवती ब्राह्मणांची भिंत गाते आणि नाचते. राय यांच्या चित्रपटातील मुलगी मात्र, सोमनाथ पैसे देऊन तिला परत पाठवू पाहतो तेव्हा, परतण्यास नकार देते आणि आपले व्यवसायातले नावच आपले नाव म्हणून सांगते. मधल्या माणसाला स्वतःचे मन हलके करण्याची संधी ती देत नाही. काम मिळाल्याचे ऐकून वडिलांना समाधान वाटते, आणि सोमनाथला तोंड लपवावे लागते.

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (1972) आणि ‘सिंहासन’ (1977) या कादंबऱ्यांनी मराठीत राजकीय कादंबरीला नवे वळण दिले, हे सर्वमान्य आहे. मुख्यमंत्री, त्यांचे स्पर्धक, कामगारनेता, पत्रकार असे विणलेले जाळे साधूंनी पत्रकाराच्या सरावाने उभे केले. मात्र दृष्टी प्रामुख्याने सत्तेच्या दिवाणखान्यात आहे. पैसा तेथे येतो, फिरतो, परिणाम घडवितो. ज्या टेबलावर त्याची तरतूद होते ते टेबल फारसे दिसत नाही. ही उणीव म्हणण्यापेक्षा मर्यादा म्हणावी. पत्रकाराला मंत्रालयात जितका प्रवेश असतो तितका संचालक मंडळाच्या बैठकीत नसतो.

गमतीची गोष्ट अशी, की ते टेबल मराठी कादंबरीआधी मुंबईच्या उच्च न्यायालयात दिसले होते. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना निधी देता यावा म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. 1957 मध्ये मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांच्या खंडपीठाने कायद्यानुसार तो बदल मान्य केला. परंतु अशा देणग्यांनी लोकशाहीला धोका संभवतो, असा इशाराही निकालातच दिला. अनुमती आणि अस्वस्थता एकाच मजकुरात नांदविणारे हे गद्य साहित्याच्या अभ्यासकाने वाचावे असे आहे. पुढे 1969 मध्ये कंपन्यांच्या अशा देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. 2018 मध्ये रोखे योजना आली आणि 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर 14 मार्चला प्रसिद्ध झालेल्या माहितीत देणाऱ्यांची एक यादी होती आणि घेणाऱ्या पक्षांची दुसरी. दोहोंची जुळणी करता यावी असे क्रमांक आठवडाभराने आले. क्रमांकांनी देणारा व घेणारा जोडले गेले. काय मागितले आणि कोणी बोलणी केली याला यादीत रकाना नव्हता.

हा रकाना भरण्याचा प्रयत्न अरविंद अडिगा यांच्या ‘द व्हाइट टायगर’ (2008) या इंग्रजी कादंबरीत आहे. येथे निवेदक बलराम हा मालकाच्या मोटारीचा चालक. कोळशाच्या धंद्यातील घराणे दिल्लीत नेत्यांच्या घरी पैशाची बॅग पोहोचविते, आणि पुढच्या आसनावरील माणूस सारे ऐकतो. कादंबरीत सूक्ष्मतेपेक्षा आवेश अधिक आहे. ग्रामीण बिहारचे चित्रण अनेकदा बाहेरच्या वाचकासाठी मांडल्यासारखे वाटते, आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या तोंडी इंग्रजी निवेदन देण्याचा प्रश्न तर सुटतच नाही. तरीही मधल्या माणसाला निवेदक केल्याने एक गोष्ट साधली आहे. मालकाचा खून करून तीच बॅग घेऊन बंगळूरला गेलेला बलराम तिच्यातील पैशाने पोलीस अधिकाऱ्याला वश करतो, परवाने नसलेल्या प्रतिस्पर्धी चालकांचा काटा काढवतो आणि कॉल सेंटरच्या वाहतुकीचे काम मिळवितो. हे तो लाजत सांगत नाही. धंदा कसा उभारला ते सांगावे तसे सांगतो. पुढे त्याच्या गाडीखाली एक मुलगा मरतो. पोलिसांकडचे प्रकरण मिटते. त्यानंतर बलराम मृताच्या घरी जातो, आईवडिलांपुढे पैसे ठेवतो आणि उरलेल्या मुलाला आपल्याकडे नोकरी देऊ करतो.