हिंगण्याची पर्णकुटी

वास्तूचें परीक्षण करितांना आमच्याकडे बहुधा शिखरें व कमानी मोजल्या जातात. ती कोणाच्या गरजेसाठीं उभी राहिली, हें पाहण्याचा प्रघात थोडा. पुण्याजवळील हिंगण्याची पर्णकुटी पहिल्या कसोटीस मुळींच उतरत नाहीं. दुसरीस मात्र ती कित्येक वाड्यांहून सरस ठरते, असें आमचें मत आहे.

धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढिला. पुढें रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास ६ एकर जमीन व झोपडीसाठीं ७५० रुपये दिले, आणि १९०० सालीं आश्रम त्या ओसाड जागीं गेला. फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे तास आटोपून कर्वे तेथें पायीं जात.

येथें 'अनाथ' या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. आश्रमांत मुख्यतः विधवा होत्या. आईबाप किंवा सासर हयात असतांहि ज्यांस अनाथ म्हणावें लागलें, त्यांच्याविषयीं दोष कोणाकडे जातो हें सांगावयास नको. वाड्यांतील अंधाऱ्या खोलीच्या जागीं त्यांस उघडें रान व हातीं पुस्तक मिळालें, हेंच या वास्तूचें खरें शिल्प होय.

तथापि स्तुतीबरोबर उणेंहि सांगितलें पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं भर पेठेंत, आपल्या राहत्या घरींच, बालहत्या प्रतिबंधक गृह उघडिलें, आणि १८७४ सालीं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. त्यांच्या घरानें शहरास उत्तर देण्यास भाग पाडिलें. हिंगण्याच्या अंतरानें शहरास डोळे मिटण्याची सोय राहिली. शिवाय आश्रमाचें दार आरंभीं बहुतांशीं वरच्या जातींच्या विधवांसाठींच होतें. परंतु त्याच अंतरानें रोपास वाढण्यास अवधि दिला, हेंहि खरें. १९१६ सालीं महिला विद्यापीठाचा आरंभ हिंगण्यासच झाला.

त्या भागास आज कर्वेनगर म्हणतात. सभोंवार मोठ्या इमारती उठल्या असून पर्णकुटी स्मारक म्हणून जतन केलेली आहे. अशा स्मारकास संगमरवर चढविण्याचा मोह होतो. तो टाळावा, अशी आमची सूचना आहे. तिचा लहानपणाच तिचा इतिहास सांगतो. ७५० रुपयांत काय होऊं शकतें, हें पाहावयास येणाऱ्या मुलींस तिच्या भिंतींवरूनच कळलें पाहिजे.