शलमोन आणि सुलेमान : प्रार्थना व मंत्रप्रयोग यांतील सीमारेषा (मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या संदर्भात)

प्रार्थना आणि मंत्रप्रयोग या दोहोंत अदृश्य शक्तीला हाक असते, दोहोंत शब्दांचा आधार घेतला जातो आणि पुष्कळदा उच्चारली जाणारी नावेही तीच असतात. मग भेद नेमका कशात आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आधारे करावयाचा आहे. निमित्त मात्र वाङ्मयाबाहेरचे आहे. पुणे-लोणावळा लोकलच्या डब्यांत बाबा-बुवांच्या जाहिरातींचे कागद चिकटवलेले असतात. कामशेत-मळवलीदरम्यान उभ्याने प्रवास करणाऱ्याला ते वाचल्यावाचून गत्यंतर नसते. नोकरी, प्रेमविवाह, शत्रूचा बंदोबस्त, सारे काही हमखास आणि थोड्या तासांत. अशाच एका कागदावरील ‘सुलेमानी इल्म’ हे शब्द वाचून आलेल्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “सर, हा सुलेमान आणि आपण शिकलो तो शलमोन एकच का?”

एकच. परंतु तिला हा प्रश्न पडावा यातच मराठी भाषेची एक विशेष स्थिती दिसते. मराठी बायबलातील व्यक्ती आपल्याकडे शलमोन, मोशे, येशू या नावांनी आल्या; त्याच व्यक्ती अरबी-फारसी वळणाने सुलेमान, मुसा, इसा होऊन त्यापूर्वीच लोकव्यवहारात रुळल्या होत्या. एकाच व्यक्तीची दोन नावे झाली आणि दोन्ही नावांची बिऱ्हाडे वेगळी राहिली. एक धर्मग्रंथात नांदते, तर दुसरे ताईत, अंगठी आणि ‘सुलेमानी’ खड्याच्या बाजारात. त्यामुळे ताईत घेणाऱ्याला मूळ कथा ठाऊक नसते आणि मूळ कथा वाचणाऱ्याला आपल्या राजाचे बाजारात काय झाले याचा पत्ता नसतो.

मूळ कथेतील शलमोन कसा आहे? गिबोन येथे देव त्याला स्वप्नात ‘माग’ म्हणतो, तेव्हा तो दीर्घायुष्य, धन किंवा शत्रूचा नाश मागत नाही. न्याय करण्यासाठी समंजस अंतःकरण मागतो. लोकलमधील जाहिरात जे जे देऊ करते, ते ते त्याने मागायचे टाळले होते. पुढे मंदिराच्या अर्पणप्रसंगीची त्याची दीर्घ प्रार्थना ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. स्वर्गातही जो मावत नाही तो मी बांधलेल्या या घरात कसा मावेल, असा तिचा गाभा आहे. ज्याने देव मंदिरातही सामावत नाही असे म्हटले, त्याच्याच नावाने पुढच्या काळात भुतेखेते अंगठीत बांधून ठेवण्याची विद्या प्रसृत व्हावी, ही धर्मेतिहासातील मोठीच विसंगती होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात जोसेफस हा यहुदी इतिहासकार शलमोनाला भूतबाधा निवारण्याच्या विद्येचे श्रेय देतो. युरोपात उत्तर मध्ययुगापासून ‘शलमोनाची किल्ली’ या नावाची जादूची पोथी हस्तलिखितांतून फिरत राहिली; १८८९ मध्ये मॅथर्सने तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. कुराणात सुलेमानाच्या सेवेत जिन्न आहेत हे खरे. पण जादूचा दोष त्याच्यावर येऊ नये म्हणून दुसऱ्या सूरेच्या १०२ व्या आयतीत त्याची स्पष्ट सुटका केलेली आहे. तेव्हा या व्यापाराचे खापर कोणत्याही एका धर्मावर फोडता येणार नाही.

पवित्र नावाचा असा वापर होणार, याची जाणीव खुद्द बायबललाही आहे. मोशेने अरण्यात उभारलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील प्रसंग याहून बोलका आहे. इफिस नगरात स्किवाचे सात मुलगे, पौल ज्याचा प्रचार करतो त्या येशूच्या नावाने, भुते काढू पाहतात. भूत उलट विचारते की येशू मला माहीत आहे, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि ते सातहीजण उघडे-घायाळ होऊन पळत सुटतात. नाव बरोबर होते, उच्चारही बरोबर होता. उसने नाव घेऊन आलेल्या माणसाचे त्या नावाच्या धन्याशी नाते मात्र काहीच नव्हते.

भेद येथे आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मंत्रप्रयोगात समोरच्या शक्तीला नकाराचा अधिकार नसतो. विधी बिनचूक झाला की फळ आलेच पाहिजे. प्रार्थनेत तो अधिकार मान्य करूनच मागायचे असते. गेथशेमाने बागेत येशूने मागितलेले मिळाले नाही. तरीही ख्रिस्ती परंपरेने प्रार्थनेचा आदर्श म्हणून तोच प्रसंग जपला.

आता मराठीकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. पुराण हा प्रकार निवडण्यात धाडस होते, तसा धोकाही होता. आपल्याकडे पुराण ऐकण्याबरोबर फलश्रुतीची अपेक्षा ओघाने येते. पारायण केले की संकट टळते, ही श्रोत्याची सवय असते. प्रार्थनेचे रूपांतर प्रयोगात होण्याची वाट या सवयीतूनच जाते. ओवीचा गोडवा वाखाणताना अभ्यासकांनी या बाजूकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी वेगळी वाट धरली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना जिंकले. (त्याही बदलाची सुरुवात आगगाडीच्या डब्यातच झाली, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) प्रार्थनेत शब्दांची निरर्थक पुनरावृत्ती करू नये, ही शिकवण त्याच प्रवचनात आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. हा पूल मावळला परका नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावून देहूकडे जाते आणि तुकोबांच्या चिंतनाचा भंडारा डोंगर मावळातच आहे. नवसाने संतती मिळते या समजुतीची तुकोबांनी केलेली थट्टा प्रसिद्ध आहे. टिळकांनी अभंगाबरोबर नवसाला असलेला हा नकारही उचलला. ‘अभंगांजली’मध्ये मागणे आहे, हट्ट आहे, क्वचित भांडणही आहे, सौदा मात्र नाही.

पंडिता रमाबाईंचा मार्ग नेमका उलटा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाले. जुन्या धार्मिक अर्थांनी भारलेले संस्कृत शब्द टाळून सामान्य स्त्रीला कळेल अशी मराठी त्यांनी हेतुपूर्वक वापरली. त्या भाषेला काहीसा खडबडीतपणा आला हे मान्य करावे लागेल. पण जो शब्द कळतो त्याचा मंत्र होणे कठीण असते, आणि याच भाषेत १९०५ च्या जागृतीत मुक्तीतल्या मुली तासन्‌तास प्रार्थना करीत होत्या.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही सीमारेषा वर्तनावरून आखली. घर, मंदिर, दर्गा, चर्च येथील शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान न करणारे धार्मिक विधी त्यातून वगळले. साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. कायद्याला एवढेच करता येते. आजाऱ्याच्या उशाशी बसून, डॉक्टरचे औषध चालू ठेवून केलेली प्रार्थना आणि व्यासपीठावरून बरे होण्याची हमी देणारी प्रार्थना यांतला आतला फरक तपासण्याचे काम टीकेचे आणि त्या त्या धर्मसमाजाचे आहे. येशूचे नाव घेऊन हमी देणारा ख्रिस्ती प्रचारकही, या कसोटीवर, स्किवाच्या मुलांच्याच रांगेत बसतो.

आपल्या अभ्यासक्रमांतून टिळक बहुधा ‘केवढे हे क्रौर्य’चे आणि फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात, तर शलमोन दोन आयांच्या आणि एका बाळाच्या गोष्टीपुरता उरतो. त्याची मंदिरातली प्रार्थना वर्गात कधी वाचली जात नाही. त्या विद्यार्थिनीला मी आठवा अध्याय वाचायला दिला. दुसऱ्या आठवड्यात तिने विचारले की यात अंगठी कुठे आहे.