सूक्ष्मजीवशास्त्राची मराठी परिभाषा : विषाणू, प्रतिजैविक आणि निर्जंतुकीकरण

१

परिभाषेसंबंधी मराठीत आजवर जी चर्चा झाली तिचा बराचसा भाग दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला आहे. शब्द संस्कृतातून घडवावा की इंग्रजीतून जसाच्या तसा उचलावा, हा पहिला प्रश्न. आणि घडविलेला शब्द विद्यार्थ्यास सुबोध वाटतो की बोजड, हा दुसरा. दोन्ही प्रश्न गैर नव्हेत. तथापि दोहोंतही शब्द एकेकटा हाती घेऊन पारखला जातो. पारिभाषिक शब्द वस्तुतः कधीच एकटा नसतो. तो एका मालिकेचा घटक असतो, आणि शेजारच्या शब्दांपासून त्याचे जे अंतर असते त्यातच त्याच्या अर्थाचा मोठा भाग सामावलेला असतो. म्हणून परिभाषेची खरी कसोटी अशी मांडावी लागते : शास्त्राने ज्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, त्या या शब्दांमुळे वेगळ्या राहतात की नाही?

या कसोटीस लावून पाहण्यास सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील तीन प्रकरणे विशेष उपयुक्त आहेत : विषाणू, सूक्ष्मजीवरोधी औषधे आणि सूक्ष्मजीवांच्या वाढीचे नियंत्रण. या तिन्ही प्रकरणांतील शब्द प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहिलेले नाहीत. ते दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि वृत्तपत्रांत नित्य वावरतात. त्यामुळे येथील संदिग्धतेची किंमत केवळ परीक्षेतील गुणांत मोजली जात नाही.

२

प्रथम 'विषाणू' हा शब्द घेऊ. 'विष' आणि 'अणू' असा त्याचा विग्रह आहे. लॅटिन 'व्हायरस' या शब्दाचा मूळ अर्थ विष, विषारी द्रव असा असून तो शब्द व संस्कृत 'विष' ही एकाच आद्य धातूची अपत्ये आहेत. म्हणजे अनुवादकाने जो शब्द योजला तो अर्थाने भाषांतर आणि वंशाने सख्खा भाऊ ठरतो. असा योग परिभाषेच्या इतिहासात वारंवार येत नाही.

पण शास्त्राची वाटचाल पाहिली तर या शब्दाचे दोन्ही घटक मागे पडल्याचे दिसते. १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की याने तंबाखूच्या रोगट पानांचा रस जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाची रोगकारकता कायम राहिली. १८९८ मध्ये बायेरिंक याने रोगाचे कारण म्हणजे एक सजीव, प्रवाही, संसर्गक्षम द्रव्य असावे असे प्रतिपादन केले. १९३५ मध्ये स्टॅन्ली याने त्याच विषाणूचे स्फटिक मिळविले, आणि थोड्याच काळात त्यात प्रथिनाबरोबर न्यूक्लिइक अम्लही असल्याचे बॉडन व पिरी यांनी दाखवून दिले. विषाणू हे विष नव्हे. विष मात्रेने कमी होत जाते, विषाणू पेशीत शिरून संख्येने वाढतो. तो अणूही नव्हे. रसायनशास्त्राच्या मराठीत 'अणू' हा शब्द केव्हाच दुसऱ्या कामी गुंतला आहे.

तर मग हा शब्द सदोष मानावा काय? तसे मानण्याचे कारण नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राचे पहिले पाठ आहेत. 'लस' हा शब्द मराठीत जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाचा वाचक होता. देवीच्या फोडातील द्रव टोचण्याच्या प्रथेमुळे तो प्रतिबंधक द्रव्याचा वाचक झाला, आणि आज ज्यात असा कोणताही द्रव नाही त्यालाही मराठी माणूस निःशंकपणे 'लस'च म्हणतो. जुना अर्थ गळून पडला, आणि कोणाचेही नुकसान झाले नाही. पुण्यात १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने स्थापन झालेली संस्था आज मराठीत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, आणि २०२० नंतर हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. तो बदलण्याचा विचारही व्यर्थ होय.

अडचण शब्दाच्या पूर्वार्धात नसून उत्तरार्धात आहे. जीवाणू, विषाणू, बीजाणू, रोगाणू : या सर्वांना 'अणू' हे एकच अंत्यपद लाभले आहे. समान अंत्यपद हे समान वर्गाचे लक्षण, अशी भाषा जाणणाऱ्याची स्वाभाविक अपेक्षा असते. त्यामुळे जीवाणू व विषाणू हे एकाच जातीचे, एक थोडा मोठा व एक थोडा लहान, असे चित्र नवख्याच्या मनात उभे राहते. वस्तुतः त्यांतील भेद आकाराचा नाही, रचनेचा आहे. जीवाणूस स्वतःची पेशी आहे, बहुतेकांस भित्तिका आहे, प्रथिने घडविणारे रायबोसोम आहेत. विषाणूस यांपैकी काहीही नाही. आश्रयपेशीची यंत्रणा वापरल्यावाचून तो वाढूच शकत नाही. पुढील सर्व औषधविचार या एका भेदावर उभा आहे, आणि नेमका हाच भेद शब्दांची जोडी झाकून टाकते.

'बीजाणू'ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बुरशीचा बीजाणू हे प्रजननाचे साधन आहे. एका बुरशीपासून असंख्य बीजाणू आणि त्यांपासून असंख्य बुरशा. जीवाणूचा बीजाणू मात्र तग धरण्याचे साधन आहे; एका पेशीत एकच तयार होतो व त्यातून पुन्हा एकच पेशी बाहेर पडते. येथे 'बीज' हे पद विद्यार्थ्यास सरळ चुकीच्या दिशेने नेते. जीवाणूंच्या संदर्भात 'अंतर्बीजाणू' असे भिन्न रूप कटाक्षाने वापरले, तर निदान दोन गोष्टी दोन आहेत एवढी सूचना तरी मिळते.

३

'अँटिबायोटिक' या शब्दास आजचा अर्थ वॅक्समन याने १९४२ च्या सुमारास दिला. सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेले व अन्य सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारे किंवा त्यांचा नाश करणारे द्रव्य, असा तो अर्थ होता. म्हणजे मूळ व्याख्येत भर होता तो द्रव्याच्या उगमावर. या व्याख्येनुसार पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके होत, आणि रसायनशाळेत घडविलेली सल्फा औषधे ती नव्हेत. पुढे व्यवहारात हा भेद पुसट झाला व शब्दाचा भर उगमावरून परिणामाकडे सरकला.

मराठीने या शब्दासाठी 'प्रतिजैविक' हा पर्याय स्वीकारला. त्याची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. 'प्रति' हा उपसर्ग प्रतिकारात विरोध दाखवितो, प्रतिनिधीत बदली दाखवितो, प्रतिबिंबात सादृश्य दाखवितो व प्रतिदिन या शब्दात वारंवारता दाखवितो. त्यांपैकी विरोधाचा अर्थ येथे गृहीत धरला, तरी विरोध कोणाचा, याचे उत्तर 'जैविक' या पदातून मिळत नाही. जे जे सजीव ते ते जैविक. मग या औषधाने रोग्याच्या पेशी का मरत नाहीत, आणि सर्दीचा विषाणू का मरत नाही?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे निवडक विषारीपणाचे तत्त्व. जे रोगकारकात आहे व रोग्यात नाही, अशा स्थळी आघात करणे हे औषधाचे कौशल्य. पेनिसिलिन जीवाणूच्या भित्तिकेची बांधणी अडविते. मानवी पेशीस भित्तिकाच नाही. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमवर काम करते. मानवी पेशीद्रव्यातील रायबोसोमची घडण निराळी आहे. सल्फा औषधे फोलिक अम्लाची निर्मिती रोखतात. माणूस ते अम्ल अन्नातून घेतो, स्वतः घडवीत नाही. विषाणूस भित्तिका नाही, रायबोसोम नाही, फोलिक अम्लाची निर्मिती नाही. म्हणून ही सर्व शस्त्रे त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. औषध दुबळे म्हणून नव्हे, तर घाव घालण्याची जागाच नाही म्हणून. हे एवढे साधे तत्त्व 'प्रतिजैविक' हा शब्द मुळीच सुचवीत नाही. 'जीवाणुरोधी औषध' हा जोडशब्द थोडा लांब आहे, पण लक्ष्याचे नाव तो सांगतो.

विषाणूंवरील औषधांच्या नावांतही अशीच निवड करावी लागते. 'प्रतिविषाणू' हा शब्द कोठे कोठे आढळतो. परंतु 'प्रतिविष' म्हणजे विषावरील उतारा हा अर्थ भाषेत रूढ असल्याने तो भलतीच आठवण जागवितो. 'विषाणुनाशक' हाही येथे अचूक नाही. अॅसिक्लोव्हिरसारखे औषध नागीण वा कांजिण्यांच्या विषाणूचा कण मोडीत नाही. विषाणूच्याच एका विकराकडून ते कार्यक्षम होते आणि त्याच्या न्यूक्लिइक अम्लाची जुळणी खंडित करते. म्हणजे वाढ रोखते. 'विषाणुरोधी' हा शब्द त्यास यथार्थ आहे. 'विषाणुनाशक' हे नाव पृष्ठभागावरील कण निकामी करणाऱ्या रसायनांसाठी राखून ठेवावे. साबण व मद्यार्क स्निग्ध आवरण असलेले विषाणू सहज मोडतात. पोलिओसारखे आवरणहीन विषाणू मद्यार्कास बरेच अधिक दाद देत नाहीत, हा भेदही मग नीट सांगता येतो.

'नाशक' व 'रोधक' यांतील हे अंतर मराठीस परके नाही. आयुर्वेदाच्या परंपरेने 'कृमिघ्न' व 'स्तंभक' असे हनन आणि थोपविणे यांचे दोन निरनिराळे शब्द पूर्वीच हाती दिले आहेत. उणीव आहे ती शब्दसाधनांची नव्हे, ती साधने नेमाने वापरण्याची.

४

सर्वांत मोठा गोंधळ 'निर्जंतुकीकरण' या शब्दाभोवती आहे. शास्त्रात येथे किमान तीन क्रिया भिन्न आहेत. पहिलीत अंतर्बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा व विषाणूंचा पूर्ण निरास अभिप्रेत असतो. दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सियसला १५ मिनिटे, ही तिची परिचित रीत. दुसरीत निर्जीव पृष्ठभागावरील रोगकारकांची संख्या धोक्याच्या मर्यादेखाली आणली जाते. अंतर्बीजाणू शिल्लक राहू शकतात. तिसरी क्रिया सजीव ऊतींवर, त्वचेवर वा जखमेवर केली जाते; १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक अम्लाच्या साहाय्याने शस्त्रक्रियेत रूढ केली ती ही. प्रचलित मराठीत या तिहींस सर्रास 'निर्जंतुकीकरण' म्हटले जाते.

'निर्' हा उपसर्ग निरपवाद अभाव सांगतो. 'अधिक निर्जंतुक' किंवा 'थोडे निर्जंतुक' हे प्रयोग जिभेवर येत नाहीत, कारण या विशेषणास तरतम नाही. म्हणून हे पद केवळ पहिल्या क्रियेसच शोभते. तेथेही त्यामागील गणित विद्यार्थ्यास कळले पाहिजे. ठरावीक उष्णतेत सूक्ष्मजीव एकाच क्षणी मरत नाहीत. समान काळात समान प्रमाण मरते. दर मिनिटास नऊ दशांश मरत असतील, तर १० लाखांपैकी सहाव्या मिनिटाअखेर सरासरीने १ उरतो, आणि बाराव्या मिनिटाअखेर एखादा उरला असण्याची शक्यता १० लाखांत १ एवढी राहते. शास्त्रज्ञाचा 'पूर्ण निरास' ही अशी शक्यतेची भाषा आहे. व्याकरणाचा 'निर्' ही निश्चयाची.

२०२० च्या साथीत या संदिग्धतेचे दर्शन रस्त्यावर घडले. रस्ते, वाहने, इतकेच नव्हे तर माणसेही औषधी फवाऱ्याखाली आणली गेली, आणि या सर्वांस एकच शब्द लावला गेला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयास माणसांवर अशी फवारणी करू नये असे सांगावे लागले. ही रसायने निर्जीव वस्तूंसाठी आहेत, त्यांनी डोळ्यांस व त्वचेस अपाय होतो. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्यांवरील फवारणीही निष्फळ ठरविली, कारण धूळ व घाण यांच्या संपर्कात रसायन निकामी होते. केवळ शब्दामुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वस्तूवरील क्रिया व देहावरील क्रिया यांस दोन नावे असती, तर दोहोंतील फरक बोलताबोलताच ध्यानी आला असता. पहिल्या क्रियेस 'निर्जंतुकीकरण', दुसरीस 'रोगाणुनाशन' व तिसरीस 'पूतिरोध' अशी वाटणी करता येण्याजोगी आहे. हे शब्द नवे नाहीत. वाटणी मात्र पाळली जात नाही.

५

शेवटचा शब्द पाठ्यपुस्तकातील नसून बोलीतील आहे, आणि म्हणूनच तो अधिक महत्त्वाचा. औषध लागू पडेनासे झाले की मराठी माणूस म्हणतो, 'अंगाला औषधाची सवय झाली.' या वाक्यात सवयीचा धनी रोग्याचे शरीर आहे. वस्तुतः बदल झालेला असतो तो जीवाणूंमध्ये. औषधाच्या माऱ्यात जे टिकले त्यांची संतती वाढली, आणि ती एका देहातून दुसऱ्या देहात जाऊ शकते. त्यामुळे ज्याने औषध कधी घेतलेच नाही त्यासही असा संसर्ग होऊ शकतो, हे 'सवय' या शब्दातून कधीच निष्पन्न होत नाही. त्यात भर म्हणून 'प्रतिकार' हा शब्द रोग्याच्या बाजूने 'रोगप्रतिकारशक्ती'त अडकून पडला आहे. तोच जीवाणूकडेही द्यावा तर दोन्ही पक्षांचे एकच नाव होते. रोग्याचा तो 'प्रतिकार' आणि जीवाणूचा तो 'औषधरोध', असा संकेत येथे पाळला पाहिजे.

हा गैरसमज मराठीपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये भारतासह १२ देशांत केलेल्या पाहणीत ७६ टक्के लोकांनी रोध शरीरात निर्माण होतो असे मानले, आणि ६४ टक्क्यांनी सर्दी व फ्लूवर प्रतिजैविके चालतात असे सांगितले. पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेने जीवाणू रोधक्षम होतील, हा इशारा फ्लेमिंगने नोबेल व्याख्यानात १९४५ सालीच दिला होता. २०१९ या एका वर्षी जीवाणूंच्या औषधरोधामुळे थेट घडलेल्या मृत्यूंची जागतिक संख्या सुमारे १२ लाख ७० हजार असल्याचा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. इतर भाषांतही ही चूक होते, याचा अर्थ मराठीचा दोष नाहीसा होतो असा नव्हे. मराठीतील चूक मराठीतच दुरुस्त करावी लागते.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, असे वर मान्य केल्यावर या शब्दांवर आक्षेप का, अशी शंका येणे शक्य आहे. तिचे उत्तर असे की, तज्ज्ञास शब्द केवळ खूण म्हणून पुरतो, कारण वस्तूचे ज्ञान त्याच्याजवळ अगोदरच असते. नवख्या विद्यार्थ्याजवळ व रोग्याजवळ पुष्कळदा शब्दाखेरीज दुसरा पुरावाच नसतो. तो घटकपदांवरूनच वस्तूची कल्पना करतो. म्हणून 'विषाणू' हा शब्द राहू द्यावा, पण प्रकरणाच्या आरंभीच तो जीवाणूचा धाकटा भाऊ नव्हे हे स्पष्ट करावे. 'प्रतिजैविक' हा शब्द येईल तेथे त्याच वाक्यात लक्ष्याचा उल्लेख करावा. 'निर्जंतुक' हे पद त्याच्या निरपवाद अर्थापुरतेच वापरावे. आणि 'सवय' या शब्दाचा परामर्श पाठ्यपुस्तकाने टाळू नये. विद्यार्थी तो शब्द घरून घेऊन येतो आणि वर्गात त्याचे निरसन झाले नाही तर तो तसाच घरी परत नेतो.