विधिमंडळातील अग्रक्रमांचे राजकारण : स्वतंत्र मजूर पक्ष (१९३७-३९) – एक चिकित्सा

प्रस्तावना

राजकीय पक्षाची ओळख त्याच्या जाहीरनाम्यावरून करून घेण्याची पद्धत आपल्या राज्यशास्त्राच्या अध्यापनात रूढ झालेली आहे. जाहीरनाम्यातील कलमे फळ्यावर मांडावयाची, त्यांवरून पक्ष डावा की उजवा हे ठरवावयाचे आणि पुढील पक्षाकडे वळावयाचे, असा हा क्रम असतो. परंतु जाहीरनाम्यात सर्वच गोष्टी सुखाने शेजारी शेजारी नांदू शकतात. तेथे जागेची टंचाई नसते. विधिमंडळात मात्र ती असते. अधिवेशनाचे दिवस मोजके, अशासकीय विधेयकांना मिळणारा वेळ त्याहूनही मोजका. अशा ठिकाणी पक्ष प्रथम काय हाती घेतो आणि काय मागे ठेवतो, यातून त्याचा खरा अग्रक्रम प्रकट होतो. या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या मुंबई प्रांताच्या विधानसभेतील कार्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पक्षाकडे बहुतेक अभ्यासक एक मधला टप्पा म्हणून पाहतात. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि हा पक्ष मागे पडला. त्यामुळे तो जणू पुढील गोष्टीची पूर्वतयारी होता, असा समज दृढ झाला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज पक्षावर अन्याय करणारा आहे. पक्षाने सभागृहात ठेवलेली विधेयके वाचली असता, कायद्याने आधी काय मोडले पाहिजे याविषयीचा एक स्पष्ट आणि त्या काळातील इतर पक्षांहून वेगळा विचार तेथे आढळतो. त्या विचारातील उणिवाही तेथेच आढळतात.

पार्श्वभूमी

१९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या प्रारंभी निवडणुका झाल्या. मताधिकार मालमत्ता, शिक्षण इत्यादी अटींनी मर्यादित होता. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६ मिळाल्या. स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले व त्यांपैकी बहुतेक निवडून आले. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि युद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याने राजीनामा दिला. म्हणजे प्रस्तुत चिकित्सेचा कालखंड सव्वादोन वर्षांचा आहे.

पक्षाच्या जाहीरनाम्यात अस्पृश्यता हा शब्द केंद्रस्थानी नव्हता. जमिनीचे तुकडीकरण आणि शेतीवर पडलेला लोकसंख्येचा भार ही दारिद्र्याची कारणे म्हणून सांगितली होती. जुन्या उद्योगांचे पुनरुज्जीवन, आवश्यक तेथे उद्योगांवर राज्याची मालकी, तंत्रशिक्षण, भूतारण बँका, कामगारांच्या नेमणुकीवर, बडतर्फीवर व बढतीवर कायद्याचे नियंत्रण, कामाचे मर्यादित तास, पगारी रजा असा त्याचा विस्तार होता. पक्षाच्या नावात दलितवर्गाऐवजी मजूर हा शब्द का, या प्रश्नाला मजूर या शब्दात दलितवर्गाचाही समावेश होतो, असे उत्तर देण्यात आले होते. हा जाहीरनामा आधुनिक औद्योगिक समाजाकडे पाहणारा आहे. पण सभागृहात पक्षाने प्रथम जी पावले उचलली ती कापडगिरण्यांच्या दिशेने पडली नाहीत. ती कोकणातील भातखाचरांकडे आणि गावाच्या वेशीबाहेरील महारवाड्याकडे वळली.

खोती आणि वतन

१७ सप्टेंबर १९३७ रोजी, पुण्यात भरलेल्या अधिवेशनात, डॉ. आंबेडकरांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात हा विषय शिकविताना, खोत म्हणजे काय, असे विचारले की निम्मे विद्यार्थी ते एक आडनाव आहे असे सांगतात. आणि कोकणातून आलेला एखादाच विद्यार्थी आजोबांकडून ऐकलेली वेठीची हकिकत सांगतो. एखादी संस्था कायद्याने इतकी पुसली जावी की तिचे केवळ आडनाव उरावे, हे त्या कायद्याचे यशच म्हणावे लागेल. परंतु ज्यांनी ती सोसली त्यांची स्मृतीही त्याबरोबर पुसली गेली.

खोत हा सरकार व कूळ यांच्यामधील वंशपरंपरागत मध्यस्थ होता. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत, तसेच ठाण्याच्या काही भागांत, गावचा धारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची असे आणि त्या बदल्यात कुळाकडून पिकाचा वाटा घेण्याचा हक्क त्याला असे. भाताच्या जमिनीत हा वाटा निम्म्यापर्यंत जाई. याखेरीज कुळाकडून वेठ घेतली जाई, ती निराळीच. १८८० च्या खोती कायद्याने या हक्कांना लेखी मान्यता मिळाली होती. कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप चालविला होता व विधेयक मांडले गेले तेव्हाही तो सुरूच होता. म्हणजे सदर विधेयक केवळ अभ्यासिकेत जन्मलेले नव्हते.

विधेयकाची रचना लक्षणीय आहे. खोताचे हक्क नष्ट करून, जमीन प्रत्यक्ष ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा सरकारशी थेट संबंध जोडणे आणि १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातील कब्जेदाराचा दर्जा त्यांना देणे, हा त्याचा गाभा होता. खोताला वाजवी नुकसानभरपाई देण्याचीही तरतूद त्यात होती. या तरतुदीमुळे काही डाव्या टीकाकारांना विधेयक सौम्य वाटण्याचा संभव आहे. परंतु १७५ सदस्यांच्या सभागृहात दीड डझनाहून कमी सदस्य असलेल्या पक्षाने अस्तित्वात असलेल्या महसूल कायद्याच्याच चौकटीत बसणारा, दुसऱ्या दिवशी अंमलात आणता येईल असा मसुदा सादर करावा, यात एक गांभीर्य आहे. केवळ निषेध नोंदवावयाचा असता तर भरपाईचे कलम लिहिण्याची तसदी कोणी घेतली नसती.

१० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. तरीही विधेयक पुढे सरकले नाही.

त्याच अधिवेशनात महार वतनाविषयीचे विधेयकही मांडण्यात आले. त्याचा इतिहास जुना आहे. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्याखाली महार हे गावचे कनिष्ठ सेवक होते. त्यांना इनाम जमिनीचा लहानसा तुकडा व रयतेकडून बलुते मिळे; त्या मोबदल्यात सरकारी कामासाठी कोणत्याही वेळी हजर राहण्याचे बंधन असे. डॉ. आंबेडकरांनी या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक पूर्वीच्या कौन्सिलात १९२८ मध्ये आणले होते. पूर्ण धारा भरून जमीन रयताव्याने ठेवावी आणि चाकरीतून मुक्त व्हावे, असा त्याचा आशय होता. निवड समितीत त्याचे रूप पालटल्यानंतर ते मागे घेण्यात आले. नऊ वर्षांनी नवे सभागृह मिळताच तोच विषय पुन्हा आणला गेला, यावरून त्याला दिलेले महत्त्व कळते.

खोती व वतन या दोन विषयांना जोडणारा धागा पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही, असे वाटते. दोन्ही ठिकाणी माणसाचे श्रम जन्माने बांधलेले होते, आणि तो बंध रूढीने जितका तितकाच इंग्रजी राजवटीच्या लेखी कायद्याने घट्ट केलेला होता. १८८० चा कायदा आणि १८७४ चा कायदा हे दोन्ही मुंबई सरकारचे. म्हणून तो सोडविण्याची जागाही विधिमंडळच होती. मनपरिवर्तनाची वाट पाहण्याचे येथे कारण नव्हते.

सत्ताधारी पक्षाचा क्रम

तुलनेसाठी काँग्रेस मंत्रिमंडळाचा क्रम पाहणे उपयुक्त ठरेल. सविनय कायदेभंगाच्या काळात जप्त होऊन विकल्या गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळवून देणारा कायदा १९३८ मध्येच झाला. गुजरातमधील सत्याग्रही शेतकऱ्यांच्या दृष्टीने तो न्यायाचाच होता, याबद्दल वाद नाही. परंतु त्याच सभागृहात कोकणच्या कुळाचे विधेयक पडून राहिले. जमीन गमावलेल्या मालकासाठी सरकारला वेळ होता. ज्याला मालकी कधी मिळालीच नव्हती त्याच्यासाठी तो नव्हता. त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. तोही मंदिरे खुली करण्याची मुभा विश्वस्तांना देणारा, त्यांच्यावर सक्ती करणारा नव्हे. जानेवारी १९३८ मध्ये, शेतकरी मोर्चाला पंधरवडा होतो न होतो तोच, स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीवर बोलताना भाऊराव गायकवाड यांनी 'हरिजन' या शब्दाला हरकत घेतली. ती फेटाळली गेल्यावर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. आम्हांला काय म्हणावे हे तरी आम्हांला ठरवू द्या, एवढीच ती मागणी होती.

दारूबंदी हा मंत्रिमंडळाचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय होता. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात ती अंमलात आली आणि बुडालेले अबकारी उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर नवा कर बसला. अंदाजपत्रकावरील चर्चेत डॉ. आंबेडकरांनी या खर्चावर टीका केली. तिचा रोख मद्याच्या समर्थनाकडे नव्हता. शिक्षणासारख्या गरजा समोर असताना प्रांताच्या तुटपुंज्या तिजोरीवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न होता. गुलझारीलाल नंदा हे त्या काळी श्रम व अबकारी या दोन्ही खात्यांचे संसदीय सचिव होते, हा योगायोग येथे नोंदवावासा वाटतो.

काँग्रेसच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, दुकाने व आस्थापनांचा कायदा आणि कुळकायदा हे तिन्ही १९३९ चे. कुळकायद्याने सहा वर्षे सतत जमीन कसणाऱ्याला संरक्षित कुळाचा दर्जा दिला. मात्र तो प्रारंभी मोजक्याच जिल्ह्यांत लागू झाला, तोही मंत्रिमंडळ गेल्यानंतर.

औद्योगिक कलह विधेयक आणि पक्षाची मर्यादा

सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरवून त्यासाठी शिक्षेची तरतूद करणे, हा त्यातील वादाचा मुद्दा होता. डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद कायदेपंडिताचा होता. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग, म्हणजे दिवाणी बाब. त्यासाठी तुरुंग दाखविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे होय. वतनदार महाराला रात्री-अपरात्री कामावर बोलाविणाऱ्या कायद्यावर त्यांनी घेतलेला आक्षेप आणि हा आक्षेप तत्त्वतः एकच आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप झाला, काही ठिकाणी गोळीबारही झाला. विधेयक बहुमताने कायदा बनले.

येथेच पक्षाची उणीवही दिसते. जाहीरनाम्यात ज्या औद्योगिक कामगाराला मध्यवर्ती स्थान होते, त्याच्यासाठी पक्षाचे स्वतःचे, खोती विधेयकाच्या तोडीचे विधेयक आढळत नाही. पगारी रजा, कामाचे तास, बडतर्फीवरील नियंत्रण हे विषय जाहीरनाम्यातच राहिले. गिरणीकामगाराच्या प्रश्नावर पक्ष मुख्यतः विरोधकाच्या भूमिकेत उभा राहिला. सदस्यबळ अल्प होते हे कारण पूर्णतः पटत नाही, कारण तेवढ्याच बळावर खोती विधेयक मांडले गेले होते. दुसरी उणीव खोती विधेयकातच आहे. जमीन ज्याच्या ताब्यात त्याला हक्क, हे सूत्र कुळाला तारते. परंतु त्या कुळाच्या शेतात मजुरीवर राबणाऱ्या भूमिहीनाला ते स्पर्श करीत नाही. आणि भूमिहीनांत दलितांचे प्रमाण किती असते, हे पक्षाच्या नेत्यांना सांगण्याची आवश्यकता नव्हती. मजूर हे नाव धारण करणाऱ्या पक्षाने शेतमजुराला मोर्चात स्थान द्यावे आणि विधेयकात देऊ नये, ही विसंगती अभ्यासकांनी सौम्यपणे टाळू नये.

वतनाच्या बाबतीत पेच अधिक खोल होता. चाकरी नको, पण जमीन हवी, ही मागणी न्याय्य होती. तथापि ज्या तुकड्याने माणूस बांधला गेला तोच त्याचा एकमेव आधार होता. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे भरलेल्या वतनदारांच्या परिषदेत वतनी जमिनीवरील वाढीव जुडीचा निषेध झाला, तेव्हा मंत्रिमंडळ गेलेले होते आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. विधिमंडळाचे दार बंद झाल्यावर प्रश्न पुन्हा मैदानात आला.

खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये संमत होऊन १९५० मध्ये अंमलात आला. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा त्याहून उशिरा, १९५८ चा. या दुसऱ्या कायद्यान्वये जमीन सरकारजमा होऊन, कब्जेहक्काची किंमत भरल्यावर, ती पूर्वीच्या वतनदाराला पुन्हा प्रदान करण्यात येते. परंतु जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून त्याला ती हस्तांतरित करता येत नाही. १९२८ च्या विधेयकात मागितलेला रयतेचा साधा दर्जा आणि हा दर्जा यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातून उद्भवलेले दावे महसूल कचेऱ्यांत आजही चालू आहेत.